छोट्या धंदेवाल्यांचा आमचा ग्रुप आता ९०० जणांचा झालाय... बंद करू की ठेवू?

भाजणीवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे ते एकदाचं लिहून टाकते, लांबलचक होईल, सांभाळून घ्या. मी डोंबिवलीत घरून फराळ, भाजण्या आणि मसाले करते, २०१७ पासून. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळं बंद होतं तेव्हा आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमधले जे कोणी असा छोटा धंदा करतात त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी काढला. २२ जण होतो. कोणी केक करणारी, कोणी ब्लाऊज शिवणारी, एक प्रिंटिंगवाले दादा, एक भाजीचा टेम्पोवाला, आणि त्या टेम्पोवाल्याकडे अत्यावश्यक सेवेचा पास होता म्हणून आमचा माल त्याच्या भाजीबरोबर गिऱ्हाइकाच्या गेटपर्यंत जायचा, तेही त्याने पहिले दोन महिने एक पैसा न घेता केलं.

त्या ग्रुपने मला काय दिलं ते सांगते. मी तेव्हा चकली ३२० रुपये किलोने द्यायचे. का ३२०, तर पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकू तेवढ्याला देतात म्हणून. एका रात्री प्रिंटिंगवाल्या दादांनी सहज विचारलं की ताई तुमचं कॉस्टिंग काय, आणि मला सांगताच येईना. मग त्यांनी सगळ्यांसमोर माझ्याकडून हिशोब मांडून घेतला. सामान आणि तेल १९०, गॅस १५, पिशवी आणि लेबल १२, पोचवायचं पेट्रोल १३. म्हणजे २३०. उरले ९०. आणि एक किलोला भिजवण्यापासून घाणे काढून गार करून भरेपर्यंत माझा दीड तास जातो. म्हणजे तासाला ६० रुपये, आणि त्यातच तुटलेल्या, जळलेल्या चकल्यांचं नुकसान. तीन वर्षं मी हे करत होते आणि घरातल्या एकाही माणसाने मला हा प्रश्न विचारला नव्हता, कारण घरच्यांच्या लेखी ते "तिचं काहीतरी चालू असतं" असंच होतं. त्या रात्री ग्रुपवरच्या पाच-सहा बायकांनी आपापले हिशोब टाकले, सगळ्यांचं तेच. मी रेट ४२० केला. काही गिऱ्हाइकं तुटली, बाकीची टिकली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी धंदा करते.

आता आजचं सांगते. व्हॉट्सॲपची मर्यादा २५६ होती तोवर जागा झाली की विचार करून माणूस घ्यायचो. २०२२ मध्ये मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली आणि जो म्हणेल त्याला मी आत घेत गेले, कुणाला नाही म्हणवत नव्हतं. आता ९०० च्या वर आहोत. सकाळी उघडला की १५० मेसेज, त्यातले १४० जाहिराती, राहिलेले सुप्रभात. परवा एका नवीन मुलीने विचारलं की लाडवाला वास येतोय, तूप कुठे चुकलं असेल, आणि तिच्या खाली ४० जाहिराती येऊन पडल्या, एकानेही उत्तर दिलं नाही. मी पाहिलं तेव्हा रात्र झाली होती आणि तिने तो प्रश्न डिलीट केला होता. मला फार लागलं ते. बंद करू का ग्रुप? की हे असंच होणार म्हणून चालू द्यायचा?

लेथमास्तर

ताई, बंद करू नका, आधी माझं ऐका.

माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि एक जुनी लेथ, चार पोरं कामाला. आमचा पण एक ग्रुप आहे, फक्त आमच्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतला, ६० च्या आसपास माणसं. त्याच्या बाहेर आम्ही जाऊ दिला नाही. आमच्याकडे जाहिरात काय करणार, सगळे एकमेकांचे जॉब ओळखतात. त्यावर येतं काय, तर "कोणाकडे अमुक साईजचे इन्सर्ट आहेत का, उद्या परत देतो", "माझा ऑपरेटर गावाला गेलाय, दोन शिफ्टला कोणी मिळेल का", आणि मुख्य म्हणजे कोण पार्टी पेमेंट देते आणि कोण नाही.

आता खरा किस्सा. २०२३-२४ पासून आयकरात ते ४३बी(एच) आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही माल बनवता किंवा सर्व्हिस देता, नुसती ट्रेडिंग करत नाही, तर समोरच्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर तो खर्च त्याला त्या वर्षी इन्कममधून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. आम्ही खूश झालो. इथे १२०-१५० दिवस पेमेंट लटकायचं हो, पोरांचे पगार मी बायकोच्या भिशीतून केलेत.

तर २०२४ च्या फेब्रुवारीत माझ्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या परचेसमधून फोन, की तुमची उद्यम नोंदणी रद्द करा नाहीतर पुढच्या वर्षीच्या ऑर्डरचं बघावं लागेल. मी घरी कुणाला काही बोललो नाही, झोप उडाली. ६५ टक्के काम त्यांचं होतं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकू की नको करत शेवटी टाकलं, नाव न घेता. अर्ध्या तासात चार जणांचे फोन, त्यांना पण त्याच जागेवरून तोच फोन आलेला आणि चौघंही माझ्यासारखेच गप्प बसलेले. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच धरलंय.

संध्याकाळी पाचही जण चहाच्या टपरीवर भेटलो. ठरलं की नोंदणी रद्द करायची नाही, भांडायचं पण नाही, पाच जणांनी आपापल्या लेटरहेडवर एकाच मजकुराचं साधं पत्र द्यायचं, की आम्ही नोंदणीकृत आहोत, आमचा एवढा माल एवढ्या तारखेला मिळालेला आहे, आणि एमएसएमई कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मुदत अमुक. थकलेल्या पेमेंटची तक्रार करायच्या सरकारी समाधान पोर्टलचं नाव पण घातलं नाही पत्रात, जरी ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातला एक मात्र मागे हटला, त्याने नोंदणी रद्द केली, त्याच्या डोक्यावर मशीनचा हप्ता होता आणि मुलीचं लग्न होतं. कोणी त्याला एक शब्द बोललं नाही आणि तो आजही ग्रुपवर आहे. आम्हा चौघांचं काम गेलं नाही. पेमेंट ४५ दिवसांत येतं असं नाही म्हणणार, पण ९० च्या आत आलं.

६० जणांचा ग्रुप होता म्हणून मी ते टाकलं. ९०० जणांत नसतं टाकलं, परचेसवाला पण त्यातच असेल की काय म्हणून.

आगळ_रत्नागिरी

लेथमास्तर, वाचताना अंगावर काटा आला. बाकीच्या चौघांनी पण तुमच्याआधी टाकलं नव्हतं हे महत्त्वाचं, कोणीतरी पहिलं बोलावं लागतं.

आमचं कोकम आगळ, आंबापोळी, फणसाची साठं. आम्ही घरचे तिघं, सीझनला गावातल्या सात-आठ बायका. आमचा प्रॉब्लेम बाटलीचा होता. काचेच्या बाटलीचा सप्लायर सांगायचा ५,००० नगांच्या खाली ऑर्डर नाही. एवढ्या बाटल्या ठेवायला घरात जागा नाही आणि पैसे पण गुंतवायला नाहीत. कोकणातल्या उत्पादकांच्या एका ग्रुपवर विचारलं तर राजापूर, देवगड, लांजा अशा तिघांना तीच बाटली हवी होती. चौघांनी मिळून ऑर्डर दिली, एका ट्रकने रत्नागिरीपर्यंत आली, आमच्या पडवीत उतरवली आणि तिथून ज्याने त्याने नेली. त्यात १८० बाटल्या फुटलेल्या निघाल्या. मला वाटलं आता भांडणं होणार, कारण उतरवून आम्ही घेतल्या होत्या. देवगडच्या दादांनी सरळ सांगितलं की चौघांत ४५-४५ वाटून टाका, पुढच्या वेळी पेंढा जास्त घालायला सांगू. त्यांना मी तोवर प्रत्यक्ष भेटले पण नव्हते.

आणि जीएसटीचं पण तिथेच कळलं. मला वाटायचं ४० लाखांच्या आत आहोत तर काही लागत नाही. बेंगळुरूला माल पाठवायला निघाले होते तर ग्रुपवरचे एक सीए म्हणाले थांबा, माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, आधी नंबर घ्यायला लागतो. अन्नाचं लायसन्स पण तसंच, १२ लाखांच्या आत वर्षाला १०० रुपयांचं साधं रजिस्ट्रेशन होतं मी काढलं तेव्हा, आणि एजंट माझ्याकडे ३,५०० मागत होता. हे कोणी सांगितलं नसतं तर दिलेच असते मी.

भाजणीवाली ताई, त्या लाडवाच्या मुलीला शोधून फोन करा हो आधी.

पिशवीवाला_पुणे

सगळे चांगलंच लिहितायत म्हणून माझं पण नोंदवतो, कटू आहे.

मी पैठणीच्या काठाच्या पिशव्या आणि पाऊच करतो, बायको डिझाईन करते. २०२१ मध्ये एका अशाच मोठ्या ग्रुपवर होतो, फार मनापासून होतो. मी सगळं सांगायचो, काठ येवल्याहून कोणाकडून घेतो, अस्तर कुठलं, चेन कुठली, एका पिशवीला शिवणाऱ्या ताईंना किती देतो. दिवाळीच्या आधी एक कॉर्पोरेट ऑर्डर येणार होती ३०० पिशव्यांची, तेही आनंदाने ग्रुपवर टाकलं. आठ दिवसांनी कळलं की ती ऑर्डर ग्रुपवरच्याच एकाने नेली, माझंच डिझाईन, माझाच काठवाला, ५० रुपये कमी. मी विचारलं तर म्हणे धंदा आहे. ॲडमिनला सांगितलं तर ते म्हणाले आम्ही काय करणार.

बायको दोन महिने मशीनवर बसली नाही. पैशाचं नुकसान भरून निघालं नंतर, पण तिने मला विचारलं होतं की तू आपलं सगळं कोणाला सांगत बसला होतास, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी कुठल्याही ग्रुपवर नाही. त्यामुळे ताई, माझं मत, बंद करा. विश्वास ठेवायला लावायचा आणि तो मोडला की हात वर करायचे, त्यापेक्षा नसलेला बरा.

भाजणीवाली

पिशवीवाला दादा, हे वाचून खूप वाईट वाटलं. आणि ॲडमिन म्हणून मलाही लागू आहे हे, कारण आमच्याकडे एका मसालेवालीने दुसरीच्या पाकिटाचे फोटो स्वतःचे म्हणून टाकले होते आणि मी "आपसात मिटवा" म्हणून मोकळी झाले होते. चुकलंच ते माझं.

त्या मुलीला फोन केला. तूप नाही, बेसन कमी भाजलं गेलं होतं आणि गरम असतानाच डब्यात भरलं होतं, वाफ धरली. रडत होती. चार किलो फेकले तिने. पहिलीच मोठी ऑर्डर होती.

गिरणी_नाशिक

मोठ्या ग्रुपचा एक फायदा आहे तो पण सांगायला हवा. माझी पिठाची गिरणी आणि सोबत पोळीभाजीचं काम. एकाचा फोन आला की आर्मी ऑफिसर बोलतोय, देवळालीला ५० जणांचं जेवण हवंय, ॲडव्हान्स आत्ता पाठवतो, फक्त आमच्या खात्याची पद्धत आहे, तुम्ही क्यूआर स्कॅन करून आधी ५ रुपये टाका मग दुप्पट येतील. आयकार्डचा फोटो पण पाठवला. आमच्याकडे देवळालीचे कॅन्टोन्मेंटचे लोक खरंच येतात, त्यामुळे संशय येण्यासारखं काही नव्हतं. पिन टाकणार एवढ्यात ग्रुपवर आदल्या आठवड्यात वाचलेलं आठवलं, नागपूरच्या एका केकवाल्या ताईंना अगदी हाच फोन, हेच वाक्य, त्यांचे १८,००० गेले होते आणि लाज न बाळगता त्यांनी सगळं तपशीलवार लिहिलं होतं. पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही हे त्यांचं वाक्य डोक्यात राहिलं. फोन ठेवला मी.

६० जणांच्या ग्रुपवर नागपूरची ताई नसती. असं काही झालंच तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, फोन करायचा, जितका लवकर तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त, हेही त्यांनीच लिहिलेलं.

पेठेतला_दुकानदार

वय ६८, साताऱ्यात भांड्यांचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं, आता मुलगा बघतो. मी मोबाईलवरच्या ग्रुपमधला माणूस नव्हे पण धागा सगळा वाचला.

आमच्या वेळी ग्रुप म्हणजे पेठ. रात्री दुकान वाढवताना, म्हणजे बंद करताना, समोरच्याला हाक मारायची, दिवसभर गल्ल्यात काय आलं हे चेहऱ्यावरून कळायचं. सुट्टे नसले की शेजारी, उधारी बुडवणारा कोण तेही शेजारीच सांगायचा. वडील वारले तेव्हा तेराव्यानंतर मी दुकान उघडलं तर शेजारच्या कापडवाल्यांनी पहिलं गिऱ्हाईक म्हणून स्वतः येऊन एक तांब्या नेला. घरी त्यांच्याकडे तांबे कमी नव्हते.

स्पर्धा तेव्हाही होतीच, भांड्यांची चार दुकानं होती एका ओळीत. पण कोणी कोणाचं गिऱ्हाईक पायरीवरून ओढलं तर पेठेतली दोन वयस्कर माणसं त्याच्या दुकानात जाऊन बसायची. ओरडायची नाहीत, नुसती बसायची, चहा प्यायची आणि निघताना बोलायची. पिशवीवाल्या मुलाच्या बाबतीत तेवढंच कमी पडलं असं माझं मत. ॲडमिन म्हणजे माणसं आत घेणारा नव्हे, जाऊन बसणारा.

आणि सगळ्या बायका आहात म्हणून आठवण करून देतो, लिज्जत १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. सात. तिथे आजही काम करणारी प्रत्येक बाई मालकीण आणि एकमेकींना बहीण म्हणतात. वाढायला हरकत नाही, पण वाढताना ते बहीण म्हणणं त्यांनी नियमात बसवलं.

लेथमास्तर

काका __/\__ सगळ्या बायका नाहीत हो, आम्ही पण आहोत :) पण जाऊन बसणारा हे पक्कं लक्षात ठेवलं.

नानकटाई_एडिसन

मी न्यू जर्सीहून. इथे २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत घरच्या ओव्हनमध्ये केलेलं विकायला परवानगीच नव्हती, अमेरिकेत सगळ्यात शेवटी आमच्या राज्याने दिली. मी त्याआधी तीन वर्षं ओळखीत नानकटाई द्यायचे, पैसे घेताना चोरी केल्यासारखं वाटायचं. परवानगीसाठी इथल्या होम बेकर बायका बरीच वर्षं कोर्टात लढल्या. मी त्यांच्यातली कुणालाच ओळखत नाही, पण परमिट हातात आलं तेव्हा आधी त्यांची आठवण आली. दोन वर्षांचे १०० डॉलर, विक्री वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत, आणि लेबलवर ठळक लिहायचं की हे घरच्या किचनमध्ये केलंय.

फॉर्म भरताना मात्र अडले, पाण्याचा रिपोर्ट की बिल, कोणतं लेबल चालतं, काही कळेना. इथल्या मराठी बायकांचा १४ जणींचा ग्रुप आहे, त्यातल्या एकीने स्वतःचा भरलेला अख्खा फॉर्म पाठवला. ती पण बिस्किटंच करते आणि माझ्यापासून दहा मिनिटांवर राहते. मी तिला विचारलं की मी तुझ्याच गिऱ्हाइकांना विकणार, तरी कसं पाठवलंस. ती म्हणाली गणपतीत मला एकटीला ऑर्डरी झेपत नाहीत, नाही म्हणताना जीव जातो, आता तुझा नंबर देईन. आणि खरंच दर वर्षी देते.

पिशवीवाला_पुणे

काकांचं तांब्याचं वाचून जरा वेळ गप्प बसलो. बायकोला पण वाचून दाखवलं.

मी बंद करा म्हणालो होतो, ते मागे घेत नाही पण एक भर घालतो. ज्याने ऑर्डर नेली त्याच्यापेक्षा ८०० जण गप्प बसले याचा राग जास्त होता. तेव्हा एक जण जरी "हे बरोबर नाही" म्हणाला असता तरी मी आज त्या ग्रुपवर असतो.

आगळ_रत्नागिरी

ताई, एक सुचवू का. ९०० चा ग्रुप जाहिरातींसाठी आणि गिरणीताई म्हणाल्या तसं फ्रॉडच्या सूचना वगैरेसाठी राहू दे. वेगळे छोटे करा, फराळवाल्यांचा, शिवणवाल्यांचा, २०-२५ च्या वर नाही. आणि आत यायचं तर आधी आपला एक हिशोब टाकायचा, खरा. ज्याने स्वतःचा आकडा सांगितला तो दुसऱ्याचा जपून ठेवतो असा माझा अनुभव आहे.

भाजणीवाली

सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. आज दुपारी प्रिंटिंगवाल्या दादांना फोन केला, ते दोन वर्षांपूर्वी ग्रुप म्यूट करून बसले होते, मला माहीतही नव्हतं. म्हणाले तू विचारलंस तर येतो.

तर मोठा ग्रुप ठेवते. जाहिराती फक्त शनिवारी, बाकी दिवशी टाकली की मी काढणार. ज्या मसालेवालीचे फोटो चोरीला गेले होते तिच्या घरी उद्या जातेय, आणि तिथून जिने ते टाकले तिच्याकडे, दोघी चालत्या अंतरावर आहेत. काय बोलायचं ते अजून ठरलं नाहीये, काका म्हणतात तसं आधी नुसती बसेन.

आणि पहिल्या २२ पैकी जे सापडतील ते आणि फराळ करणाऱ्या नवीन पाच-सहा जणी, येत्या रविवारी दुपारी चारला माझ्याच घरी. प्रत्येकीने एका पदार्थाचा हिशोब आणायचा, स्वतःची मजुरी धरून. मीही आणणार, कारण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरची ड्युटी वाढून डबा महागला तेव्हा मी घाईघाईत रेट वाढवले आणि ते नीट मांडलेच नाहीत कधी. लाडवाची मुलगी येतेय, तिला मी सांगितलंय की फेकलेल्या चार किलोचा पण हिशोब आण.

पिशवीवाला दादा, तुमचा पदार्थ नाही, पण तुम्ही आणि वहिनी याल का? पुण्याहून लांब पडेल कल्पना आहे, फोनवर असलात तरी चालेल.

पिशवीवाला_पुणे

वहिनी म्हणतेय फोनवर. चारला ना? ती विचारतेय की शिवणकामात धाग्याची रिळं आणि मशीनचं तेल महिन्याच्या खर्चात धरायचं की प्रत्येक पिशवीवर वाटायचं, तेवढं रविवारी कोणीतरी सांगा.